करारात लिहिलं नाही म्हणून केलं, तर चालतं का? (व्यवहारातला प्रामाणिकपणा आणि कायदा)

कातळसडा

मंडळी, कायदा जाणणाऱ्यांनी आणि बागायतदारांनी, दोघांनीही यावर लिहावं ही विनंती.

राजापूर तालुक्यात सड्यावर (कातळाच्या पठारावर) आमची हापूसची कलमं आहेत. वडील थकले, मी नोकरीमुळे रत्नागिरीत, म्हणून बाग पाच वर्षांच्या कराराने दिली. स्टँपपेपरवर सगळं रीतसर लिहिलं. हप्ता कधी द्यायचा, राखणीला माणूस कोणी ठेवायचा, फवारणीचा खर्च कोणाचा. 'औषधे व फवारणी याबाबत मालकाने हस्तक्षेप करू नये' अशीही ओळ होती. घेणाऱ्याने एक हप्ता चुकवला नाही. शेवटच्या वर्षी पीक भरभरून आलं. करार संपला, वडिलांच्या पाया पडून माणूस गेला.

त्यानंतरच्या हंगामात बाग बघितली आणि पोटात गोळा आला. नवी पालवी खुरटलेली, पेरं आखूड, पानं एकाच जागी झुबक्याने आलेली. जिथे मोहोर होता तिथे त्याच्या काड्या जेमतेम बोटभर. खोडाभोवतीची माती उकरली तर गोलाकार ओळीत बुजवलेले खड्डे. राखणीवर होता त्या माणसाने सांगितलं, शेवटची दोन वर्षं कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) दुपटीहून जास्त ओतलं. झाडं सावरायला आता किती वर्षं जातील कोणी सांगू शकत नाही.

घेणाऱ्याला फोन केला. त्याचं उत्तर: "मात्रा किती घालायची ते करारात लिहिलेलं नाही. तुम्ही मध्ये पडायचं नाही हे मात्र लिहिलंय."

अटी अक्षरशः पाळून समोरच्याचं वाटोळं करणाऱ्याला कायदा काही म्हणतो का? माझं स्वतःचं मत असं, की करारावर सही करणारा प्रामाणिकपणे वागण्याचाही शब्द देतो, कागदावर तो शब्द असो वा नसो. पण कायद्याचं मतही तेच आहे का, हे मला कळून घ्यायचंय.

बांगडा_तिखला

अरे देवा! झाडांचो जीव घेतल्यान आणि वर कागद दाखवता? आमच्या गावात असतो तर रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणा घातला असता. थयसर स्टँपपेपर लागणा नाय.

खाडीकाठची

कातळसडा, मी दिवाणी वकिली करते. कडू भाग आधी सांगते. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात 'दोन्ही पक्षांनी करार प्रामाणिकपणे पार पाडावा' असं सरसकट बजावणारं कलम नाही. हा कायदा इंग्रजी कायद्याच्या मुशीतला आहे आणि इंग्लंडमध्ये आजही असं सर्वसाधारण कर्तव्य मानत नाहीत.

कलम १७ खालची उदाहरणं वाचा म्हणजे वृत्ती कळेल. 'अ' लिलावात 'ब' ला घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे 'अ' ला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. आता दुसरं उदाहरण. 'ब' ही 'अ' ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. मग मात्र त्या नात्यामुळेच खोट सांगणं 'अ' वर बंधनकारक. तिसऱ्यात 'ब' म्हणतो, "तुम्ही नाकारलं नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन." 'अ' तरीही गप्प. ते गप्प बसणं मग बोलण्याच्याच बरोबरीचं.

म्हणजे कायद्याला प्रामाणिकपणाचं वावडं नाही, पण तो त्याला पुढच्या दाराने सरसकट घेत नाही, ठरावीक दारांनीच आत सोडतो. फसवणूक, अवाजवी दडपण, विमा, अडत, भागीदारी, जमिनीची विक्री अशी ती दारं आहेत. तुमची बाग कोणत्या दारातून आत जाते ते बघावं लागेल. करार नोंदवला होता का? आणि मजकुरात 'भाडेपट्टा' म्हटलंय की 'फळविक्री'?

हर्णैवाला

विम्याचं दार आम्हा बोटवाल्यांना चांगलं माहीत आहे, कारण ते आमच्याच तोंडावर आपटतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं. आमच्या शेजारच्याची बोट वर ओढून ठेवलेली होती, ती उलथली. विम्याचा दावा केला. कंपनीने कळवलं, इंजिन बदललंत ते नूतनीकरणाच्या वेळी कळवलं नाहीत, दावा नामंजूर. आता ऐका. ज्या एजंटाने हप्ता नेला, तो त्या नव्या इंजिनाला हात लावून "झकास बसवलंय" म्हणून गेला होता. किनाऱ्यावर सगळ्यांच्या देखत. हप्ता घेताना इंजिन दिसतं आणि पैसे देताना कागदावर दिसत नाही?

प्रामाणिकपणाचं ओझं फक्त एकाच्या खांद्यावर कसं काय?

खाडीकाठची

हर्णैवाला, तुमच्या रागाला अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका निकालाचा आधार आहे. कार्टर विरुद्ध बोहम, १७६६. सुमात्रा बेटावरचा एक इंग्रजी किल्ला, परकीय हल्ल्याचा विमा. फ्रेंचांनी किल्ला घेतला तेव्हा विमा देणारा म्हणाला, किल्ला कमकुवत आहे हे मला सांगितलं नाही. विम्यात दोन्ही बाजूंनी पूर्ण सचोटी हवी, हे तत्त्व लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी याच खटल्यात मांडलं. गंमत म्हणजे निकाल विमा काढणाऱ्याच्या बाजूने लागला. धोका विमा देणाऱ्याला माहीत होता किंवा माहीत असायला हवा होता, आणि तरीही त्याने हप्ता खिशात घातला, म्हणून.

आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यात कलम १९ आणि २० मध्ये हेच आहे. विमा काढणाऱ्याने महत्त्वाची प्रत्येक गोष्ट सांगायची, पण जी गोष्ट विमा देणाऱ्याला आधीच ठाऊक आहे ती त्याने विचारली नाही तर सांगायची गरज नाही. एजंटाला माहीत म्हणजे कंपनीला माहीत का, यावर खरी झटापट होते. तुमच्या शेजाऱ्यांनी त्या दिवशी किनाऱ्यावर असलेल्यांची शपथपत्रं घेतली होती का?

हर्णैवाला

कोण घेतंय ताई. वादळात घराचे पत्रे उडालेले, तीन आठवडे वीज नव्हती. शपथपत्र कोणाला सुचणार.

वाशीचा_गाळा

मूळचा देवगडचा, आता वाशीच्या फळबाजारात. थोडं विरुद्ध लिहितो.

कातळसडा यांच्याबाबत झालं ते वाईटच. पण 'प्रामाणिकपणा' असं मोघम कलम कायद्यात घातलं तर उद्या प्रत्येक तोट्यातला सौदा कोर्टात जाईल. पाडव्याला मी एका बागायतदाराकडून पेटी ठरावीक भावाने घेतो. मला आतून माहीत आहे की आखाती देशांची मोठी मागणी येतेय. मी ते त्याला सांगायचं? मग माझा धंदा कसला? त्याला माहीत असतं की खालच्या फांदीचा माल डागी आहे, तो तरी मला सांगतो का? बाजार चालतो तो दोघांनी आपापलं बघितल्यावर. कागद स्पष्ट लिहा, वाचून सही करा, लिहिलं ते पाळा. यापलीकडे न्यायाधीशांनी कोणाच्या मनात डोकावू नये.

खाडीकाठची

तुमचं म्हणणं कलम १७ च्या चौथ्या उदाहरणात जसंच्या तसं आहे. दोन व्यापारी, एकाला भावातल्या बदलाची खासगी खबर. त्याने ती सांगायलाच हवी असं नाही.

पण गाळेवाले दादा, एक विचारते. तुम्ही माल खरेदी करता की अडतीवर विकून देता?

वाशीचा_गाळा

दोन्ही.

खाडीकाठची

मग दोन्हींचा हिशेब वेगळा. खरेदी केलात तर तुम्ही घोड्याच्या बाजारात आहात. अडतीवर घेतलात तर तुम्ही बागायतदाराचे एजंट झालात आणि कायदा एकदम कडक होतो. कलम २१३ प्रमाणे मागेल तेव्हा खरा हिशेब द्यायचा. कलम २१६ प्रमाणे त्याला न कळवता त्याच्या मालात स्वतःसाठी व्यवहार केलात तर त्यातला फायदा त्याचा. पेटी एका भावाने विकून पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, कमी भाव दाखवणं याला 'आपापलं बघणं' म्हणत नाहीत.

वाशीचा_गाळा

पट्टीत खोटं दाखवणारे आहेत, नाकारत नाही. त्यांच्यामुळे आमची मान खाली जाते. माझ्या गाळ्यावर लिलावाची वही कोणीही बागायतदार उघडून बघू शकतो. ते मी कलम वाचून करत नाही. पुढच्या वर्षी त्याने पेट्या मलाच पाठवाव्यात म्हणून करतो. हाच माझा मुद्दा आहे, पुन्हा पुन्हा होणाऱ्या व्यवहारात सचोटी आपोआप येते.

कातळसडा

गाळेवाले, माझ्या बाबतीत नेमकं उलटं झालं. पहिली तीन वर्षं त्याने बाग स्वतःची असल्यासारखी सांभाळली, कारण पुढचं वर्ष त्याचंच होतं. करार पुढे वाढणार नाही हे कळल्यावर ओतायला सुरुवात केली. सचोटी ओळखीवर चालते हे खरं, पण ती ओळख संपायची वेळ येते तेव्हाच कायदा लागतो ना?

एल्बेकाठी

+१ कातळसडा.

मी गुहागरचा, बरीच वर्षं हॅम्बुर्ग बंदरात मालवाहतुकीच्या करारांचं काम करतो. इथे १९०० सालापासून लागू असलेल्या जर्मन नागरी संहितेचं कलम २४२ आहे. देणेकऱ्याने आपलं देणं निष्ठेने आणि विश्वासाला जागून, व्यवहारातली रूढी लक्षात घेऊन पार पाडावं, असा त्याचा आशय. एकच वाक्य, पण सगळ्या करारांना लागू. फ्रान्सनेही २०१६ च्या दुरुस्तीनंतर संहितेच्या कलम ११०४ मध्ये लिहिलं, की करार ठरवताना, करताना आणि पार पाडताना, तिन्ही टप्प्यांवर प्रामाणिकपणा हवा. तरीही युरोपातला व्यापार बुडाला नाही.

यातून काय साधतं त्याचं एक उदाहरण. १९२३ साली मार्काची किंमत इतकी कोसळली की युद्धापूर्वीचं गहाणकर्ज लोक पावाच्या किमतीत फेडायला निघाले. कागदानुसार आकडा बरोबर होता. नोव्हेंबर १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कलम २४२ च्या जोरावर सांगितलं, आकडा तोच म्हणून देणं फिटलं असं नाही. कातळसडांचा करारदारही नेमका हेच म्हणतोय ना, की आकडा तोच आहे?

वाशीचा_गाळा

आणि त्याच जर्मनीत पुढे नाझी राजवटीत काय झालं? न्यायाधीशांनी अशाच मोघम कलमांचा आधार घेऊन ज्यूंचे करार मोडीत काढले. मी वकील नाही, पण इतिहास वाचतो. मोघम शब्द चांगल्या माणसाच्या हातात चांगला, वाईटाच्या हातात वाईट.

एल्बेकाठी

मान्य. हा या विषयातला सगळ्यात जड आक्षेप आहे आणि इथले कायदेपंडितही तो टाळत नाहीत. म्हणून मला कॅनडाचा मार्ग जास्त पटतो. २०१४ च्या भसीन विरुद्ध ह्रिन्यू या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सगळं आभाळ खांद्यावर घेतलं नाही. करार पार पाडताना त्याच्याशी थेट संबंध असलेल्या गोष्टींबाबत दुसऱ्या पक्षाशी खोटं बोलायचं नाही आणि जाणूनबुजून दिशाभूल करायची नाही, एवढंच किमान कर्तव्य सगळ्या करारांना लावलं. फायद्याची खबर स्वतःपाशी ठेवा, पण विचारल्यावर खोटं सांगू नका. गाळेवाल्यांना यात अडचण नसावी.

वाशीचा_गाळा

यात काहीच अडचण नाही. हे तर मी आजही पाळतो.

पोफळी

महसूल खात्यात आयुष्य गेलं, आता सुपाऱ्या मोजतो. तुम्ही सगळे हॅम्बुर्ग-कॅनडा फिरून आलात, मी तुम्हाला गावच्या चावडीत आणतो.

कातळसडांच्या करारात झाडांच्या निगेबद्दल काही का नाही, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. मी सांगतो. कोकणात खोती गेली, कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. तेव्हापासून मालकाच्या मनात एक भीती बसली आहे, की बाग दुसऱ्याला 'कसायला' दिली असं कागदावर आलं तर तो कूळ लागेल. म्हणून करार लिहिताना लिहिणारे जाणूनबुजून 'फक्त फळे काढून नेण्याचा हक्क' एवढंच लिहितात. खतपाणी, छाटणी, मशागत यांचा उल्लेख टाळतात, कारण उल्लेख केला तर ती शेती दिसेल. प्रत्यक्षात घेणारा वर्षभर बागेत राबतो. कागद वेगळा, व्यवहार वेगळा.

आता बघा, खरा व्यवहार दोघांनीही कागदावरून लपवला. ज्याच्यापासून लपवला त्या सरकारला काही झालं नाही. पण निगेची जबाबदारी कागदाबाहेर पडली आणि तिथून झाडांचं वाटोळं झालं. सचोटी दुसऱ्या पक्षाशीच असते असं नाही, कागदाशीही असावी लागते. मी असे कितीतरी करार वाचलेत आणि प्रत्येक वेळी वाटायचं, या दोन शहाण्या माणसांनी मिळून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय.

सागरगोटा

पोफळी आजोबा, हे कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या बाबांचाही करार अगदी असाच आहे. आज रात्रीच काढून वाचते.

नवा_कोकणी

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. मी पुण्याचा, दापोलीजवळ जमीन घेतली. सातबारावर विकणाऱ्याचं एकट्याचं नाव, इसार दिला. खरेदीखताच्या आधी गावातल्या एका आजींनी सहज विचारलं, "मुंबईच्या दोघी बहिणींनी सही दिली का?" त्या बहिणींनी वारसहक्काचा दावा लावलेला होता. विकणारा म्हणाला, "तुम्ही विचारलं नाहीत." हा लिलावातला घोडाच झाला की.

खाडीकाठची

नाही, इथे घोडा लागू नाही! म्हणूनच मी जमिनीचं दार वेगळं सांगितलं होतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५. मालमत्तेतला किंवा मालकीहक्कातला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊनही त्याला तो सापडण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने न विचारता सांगायचा. त्याच कलमाच्या शेवटी लिहिलंय, की न सांगणं म्हणजे फसवणूक. इसार परत मागा, व्याजासकट. फक्त एक, मालकीहक्काचा शोध-अहवाल न घेता इसार दिला असाल तर समोरचा 'साधारण काळजी' या शब्दांवर बोट ठेवील.

नवा_कोकणी

शोध-अहवाल घेतला होता, त्यात दावा आला नव्हता. धन्यवाद ताई, उद्याच नोटीस द्यायला सांगतो. आणि त्या आजींना साडी नेणार आहे.

सागरगोटा

मग उलटंही असतं का? आमच्याकडे प्रकल्प येणार अशी कुणकुण लागली की बाहेरचे लोक आधीच येऊन कवडीमोलाने सडे विकत घेतात. गावाला कळतं तेव्हा सातबारे बदललेले असतात. घेणाऱ्याने सांगायला नको?

खाडीकाठची

कलम ५५ घेणाऱ्यालाही बांधतं, पण फार थोडं. विकणाऱ्याच्या हक्काचं स्वरूप किंवा व्याप्ती याबाबत घेणाऱ्याला काही माहीत असेल, विकणाऱ्याला ते माहीत नाही हे दिसत असेल, आणि त्याने त्या हक्काची किंमत बरीच वाढत असेल, तर सांगायला हवं. समजा तुमच्या आजोबांचा वाटा दोन आण्यांचा नसून आठ आण्यांचा आहे हे त्याला जुन्या दस्तातून कळलं, तर ते तो लपवू शकत नाही. येऊ घातलेला प्रकल्प मात्र तुमच्या हक्काचं स्वरूप बदलत नाही, जमिनीचा भाव बदलतो. तिथे कायदा घेणाऱ्याच्या बाजूला उभा आहे.

मला हे योग्य वाटत नाही, ते उघड सांगते. दोन व्यापाऱ्यांमध्ये खबर लपवणं वेगळं आणि नकाशे हातात असलेल्या माणसाने कातळावरच्या म्हातारीसमोर ते लपवणं वेगळं. मुलीच्या उदाहरणात कायद्याने नातं बघितलंच ना? मग ही तफावतही बघायला हवी.

बांगडा_तिखला

वकीलबाई, ह्या वाक्यासाठी माझ्याकडसून सोलकढी फुकट. हडे मालवणात येवा.

हर्णैवाला

खलाशांचा विषय राहिला. १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीची बंदी उठते. त्याआधी मे-जूनमध्येच खलाशांना आगाऊ रक्कम द्यावी लागते, नाहीतर माणूस मिळत नाही. गेल्या हंगामात एकाने माझ्याकडून आगाऊ घेतले आणि मिरकरवाड्याच्या एका मालकाकडूनही. ऑगस्टात दोघांकडेही आला नाही, तिसऱ्याच बोटीवर चढला. डिझेल भरलेलं, बर्फ भरलेला आणि बोट बंदरात. ही फसवणूक की नुसता करारभंग?

खाडीकाठची

पाळायचा इरादाच नसताना वचन देणं ही कलम १७ प्रमाणे फसवणूक. एकाच महिन्यासाठी दोघांकडून आगाऊ घेतली हा इरादा नसल्याचा चांगला पुरावा. पैसे परत मागता येतील. त्याला बोटीवर यायला मात्र कोर्ट भाग पाडणार नाही, अंगमेहनतीच्या नोकरीचा करार तसा अंमलात आणता येत नाही.

जाळं_विणणारा

हर्णैवाले काका, तुमच्याबद्दल नाही म्हणत, पण दुसरी बाजूही लिहितो. माझा भाऊ बोटीवर होता. हंगाम अर्ध्यावर असताना आई आजारी पडली, घरी जायचं म्हणाला. मालकाने आधारकार्ड आणि फोन ठेवून घेतला होता. "आगाऊ फेड, मग जा." हिशेबाची वही मालकाची, लिहिणार मालक. नेपाळहून आलेल्या पोरांचे तर याहून हाल. प्रामाणिकपणा म्हणताना गरिबाचं पळून जाणं सगळ्यांना दिसतं.

पोफळी

आगाऊ रकमेपोटी माणूस अडकवून ठेवणं हे वेठबिगारीत मोडतं. १९७६ चा कायदा आहे, गुन्हा आहे, आणि असं कर्ज कायद्याने रद्द होतं. तहसीलदाराकडे जा, भीड धरू नका.

हर्णैवाला

जाळंवाल्या पोरा, कागद ठेवून घेणारे मालक आमच्यात आहेत, मी त्यांच्याशी भांडलोय. हिशेबाची दुसरी वही खलाशाकडे द्यावी हे मी आमच्या सोसायटीत मांडणार आहे. दोघांकडे सारखी नोंद, दर फेरीनंतर दोघांच्या सह्या.

कातळसडा

चर्चा फार उपयोगी झाली. खाडीकाठची ताई, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. करार नोंदवलेला नाही. मजकूर पोफळी काका म्हणतात तसाच, 'फळे काढून नेण्याचा हक्क'.

एल्बेकाठींचा प्रतिसाद वाचून आणखी एक आठवलं. चौथ्या वर्षी मी त्याला व्हॉट्सअॅपवर विचारलं होतं, "कल्टार किती घालताय?" त्याने लिहिलं, "दापोली विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच, काळजी नको." तो संदेश अजून आहे.

खाडीकाठची

हा संदेश पुसू नका, फोन बदलू नका, आणि कोर्टात देताना २०२३ च्या साक्ष अधिनियमातल्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल तेही लक्षात ठेवा. आता सविस्तर.

भाडेपट्टा म्हणून गेलात तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये सुंदर वाक्य आहे. सुज्ञ माणूस स्वतःची वस्तू जशी वापरेल तशी भाडेकरूने वापरावी आणि कायमची इजा होईल असं काही करू नये. पण समोरचा वकील लगेच कलम ११७ काढेल, की हे प्रकरण शेतीच्या भाडेपट्ट्यांना लागू नाही. त्यावर उत्तर असं, की कलम नाही तरी त्यामागचं तत्त्व न्याय आणि सद्विवेक म्हणून लावता येतं, न्यायालयांनी तसं लावलेलं आहे. आणि 'भाडेपट्टा' हा शब्द वापरताना कुळाचा मुद्दा उलटून अंगावर येणार नाही ना, हेही तपासावं लागेल.

दुसरा मार्ग मला जास्त भक्कम वाटतो, तो म्हणजे गृहीत अट. १८८९ चा मूरकॉक खटला आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला लगेच समजेल. टेम्स नदीत धक्क्याच्या मालकाने पैसे घेऊन आगबोट आपल्या धक्क्याला लागू दिली. ओहोटीला बोट खाली बसली ती कठीण उंचवट्यावर, आणि तिचं नुकसान झालं. नदीचा तळ सुरक्षित असल्याचं करारात कुठेच नव्हतं. कोर्ट म्हणालं, ओहोटीला बोट बसणारच हे दोघांना माहीत होतं, तर तळाची वाजवी काळजी घेण्याची अट न लिहिताही त्यात आहेच, नाहीतर कराराला अर्थ उरत नाही. पाच वर्षांनी बाग परत द्यायची म्हणजे जिवंत, फळणारी बाग द्यायची, ही तशीच अट.

एक सावधगिरी. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नाभा पॉवर निकालात बजावलंय, की गृहीत अट सहजासहजी वाचायची नाही, आणि ती लेखी अटीच्या विरुद्ध जाता कामा नये. तुमच्या 'हस्तक्षेप करू नये' या ओळीवर ते भर देतील. आपण म्हणायचं, ती ओळ कोणी ठरवायचं एवढंच सांगते, कसंही ठरवावं असं सांगत नाही.

आणि तो संदेश. करार झाल्यानंतरचं खोटं असल्याने कलम १७ च्या फसवणुकीत तो नीट बसत नाही, भसीनसारखा नियम आपल्याकडे असता तर काम सोपं होतं. पण मुदतीच्या दृष्टीने तो सोन्यासारखा आहे. करारभंगाच्या दाव्याला तीन वर्षं असतात. खरी गोष्ट फसवून लपवली असेल तर मुदत कायदा १९६३ च्या कलम १७ प्रमाणे ती कळल्यापासून मुदत मोजतात.

आधी मातीचे नमुने घ्या, कृषी अधिकारी आणि दोन पंचांसमोर, खड्ड्यांचे फोटो तारखेसह. राखणदाराचा जबाब आजच लिहून घ्या.

वाशीचा_गाळा

वरची चर्चा वाचून सांगतो, तो संदेश बघितल्यावर माझं मत या माणसाच्या विरुद्ध गेलं. खबर न सांगणं आणि खोटं सांगणं यात मी फरक करतो. कातळसडा, बागेच्या नुकसानीची किंमत काढताना मागच्या हंगामांचे वाशीतले भाव लागतील. माझ्या वहीतल्या लिलावाच्या नोंदी देतो, कोर्टात येऊन सांगायचं असेल तरी येतो.

कातळसडा

गाळेवाले, मनापासून आभार. राखणदार तयार आहे, कृषी कार्यालयात अर्ज दिला. माती किती खोलवरून घ्यायची, कोणाला माहीत आहे का?

पोफळी

खड्ड्याच्या तळाची आणि शेजारच्या न उकरलेल्या जागेची, दोन्ही घ्या. वेगवेगळ्या पिशव्या, बाहेर झाडाचा क्रमांक, पिशवीच्या तोंडावर पंचांच्या सह्या. खोली प्रयोगशाळेलाच विचारा, ते सांगतील तशीच घ्या. मी सोमवारी रिकामा आहे, पंच म्हणून येतो.

हर्णैवाला

ताई, खलाशाच्या दोन वह्यांवर वर काय मजकूर लिहायचा? सोसायटीची सभा २० तारखेला आहे.

खाडीकाठची

चार ओळी पुरतात: आगाऊ किती, फेडायची कशी, माणूस कधीही जाऊ शकतो पण बाकी देणं राहील, आणि कागदपत्रं कोणीही कोणाची ठेवून घेणार नाही. मराठी आणि नेपाळी दोन्हीत छापा. जाळं_विणणारा, तुमच्या भावालाही मजकूर दाखवा, त्याला काय वाटतं ते इथेच लिहा.